लॉगिन फॉर्म आणि पासवर्ड मॅनेजर : फॉर्म यंत्रालाही वाचता यावा

उद्दिष्टे

या टिपणाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- पासवर्ड मॅनेजर लॉगिनचे पान कसे वाचतो, ते सांगता येईल.
- नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदलणे या तिन्ही फॉर्मची योग्य बांधणी करता येईल.
- भारतीय संकेतस्थळांवर वारंवार दिसणाऱ्या चुका ओळखून त्या दुरुस्त करता येतील.
- देवनागरी किंवा तमिळ पासवर्ड स्वीकारताना घ्यायची काळजी समजेल.

टीप : या टिपणात टॅग, गुणधर्म आणि त्यांची मूल्ये वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांत लिहायची असतात.

१. प्रस्तावना

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, तंजावर ते पट्टुक्कोट्टै रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या काळात येथे मुक्तांबाळ छत्र बांधले गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीची मोडी कागदपत्रे आहेत. या भागात आजही घरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे आहेत.

समजा, या परिसरातील पदवीच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एक छोटे संकेतस्थळ तयार करायचे ठरवले. छत्राविषयीची माहिती, जुनी छायाचित्रे आणि मोडी कागदांची लिप्यंतरे लोकांनी तेथे भरायची. त्यासाठी प्रत्येकाने खाते उघडायचे. पानावरचा मजकूर मराठीत आणि तमिळमध्ये असेल. काही जण घरून मोबाइलवर, काही जण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून, तर काही जण तंजावरला ग्रंथालयात बसून लॉगिन करतील. हे उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यात येणाऱ्या अडचणी खऱ्या आहेत. संपूर्ण टिपणात आपण हेच उदाहरण वापरू.

आता लॉगिन करणाऱ्याचा विचार करा. आज एका विद्यार्थ्याकडे महाविद्यालय, परीक्षा, शिष्यवृत्ती, बँक, रेल्वे आणि ईमेल अशी किमान अर्धा डझन खाती असतात. प्रत्येकासाठी वेगळा आणि लांब पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाला जमत नाही. मग तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरतो किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. एका ठिकाणचा पासवर्ड फुटला की चोर तोच पासवर्ड इतर संकेतस्थळांवर घालून पाहतात. यावर आज सर्वसामान्य माणसाच्या हातात असलेला उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. तो प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा पासवर्ड तयार करतो, साठवतो आणि वेळेवर भरतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी या ब्राउझरांत तो आधीपासूनच असतो. बिटवॉर्डन, वन-पासवर्ड, कीपास यांसारखे स्वतंत्र मॅनेजरही आहेत.

मात्र मॅनेजर कितीही चांगला असला, तरी संकेतस्थळाचा फॉर्म त्याला वाचता आला नाही तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून फॉर्म लिहिणाऱ्याने एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : आपला फॉर्म माणूस वाचतो आणि त्याच वेळी एक प्रोग्रामही वाचतो. कोणता रकाना कशासाठी आहे, हे त्या प्रोग्रामला स्पष्ट सांगितले पाहिजे.

२. पासवर्ड मॅनेजर काय करतो?

मॅनेजरचे काम चार टप्प्यांत समजून घेऊ.

१. पत्ता पाहणे. पान उघडताच तो संकेतस्थळाचा पत्ता तपासतो आणि या पत्त्यासाठी आपल्याकडे नोंद आहे का ते पाहतो.

२. रकाने शोधणे. पानावरील इनपुट टॅग तपासून तो वापरकर्त्याच्या नावाचा आणि पासवर्डचा रकाना ठरवतो.

३. भरणे. वापरकर्त्याच्या संमतीने किंवा आपोआप तो दोन्ही रकाने भरतो.

४. जतन करणे. फॉर्म पाठवला गेला आणि लॉगिन यशस्वी झाले असे वाटले, की रकान्यांत त्या क्षणी असलेली मूल्ये घेऊन तो "पासवर्ड जतन करायचा का?" असे विचारतो.

यांतील पहिला टप्पा सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. खऱ्या संकेतस्थळासारखे दिसणारे बनावट पान माणसाच्या डोळ्यांना फसवते. पत्त्यातील एखादे अक्षर वेगळे असेल तर ते घाईत लक्षात येत नाही. मॅनेजर मात्र पत्ता अक्षरशः जुळवतो. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड सुचवत नाही. आपल्या संकेतस्थळावर मॅनेजर नीट चालत असेल, तर बनावट पानावर त्याचे गप्प राहणे हा वापरकर्त्यासाठी इशारा ठरतो. उलट खऱ्या पानावरही तो वारंवार अडत असेल, तर पासवर्ड हाताने टाकायची सवय लागते आणि तो इशारा कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात फॉर्मने स्वतः काही सांगितले नसेल, तर मॅनेजर अंदाज बांधतो. रकान्याचा प्रकार, त्याचे नाव, आयडी, शेजारचे लेबल आणि पानावरचा क्रम पाहून तो निष्कर्ष काढतो. या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दयाद्यांत इंग्रजी शब्दांचा भरणा मोठा असतो. आपल्या उदाहरणातील पानावर 'सभासद क्रमांक', 'परवलीचा शब्द' किंवा तमिळमधील 'कडवुच्चोल' अशी लेबले असतील, तर अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. म्हणजे भारतीय भाषांत संकेतस्थळ बनवणाऱ्याने रकान्यांची ओळख सांगण्याबाबत अधिक काटेकोर असायला हवे.

३. रकान्याची ओळख : ऑटोकम्प्लीट गुणधर्म

एचटीएमएल मानकात इनपुट टॅगसाठी 'ऑटोकम्प्लीट' हा गुणधर्म आहे. त्याची मूल्ये ठरलेली आहेत आणि ती पानाच्या भाषेवर अवलंबून नाहीत. लेबल मराठी असो वा तमिळ, मूल्य तेच राहते. आपल्याला लागणारी मूल्ये अशी :

- युजरनेम : वापरकर्ता ज्या ओळखीने लॉगिन करतो तो रकाना. ही ओळख ईमेल, मोबाइल क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक असली तरी लॉगिन फॉर्ममध्ये हेच मूल्य वापरावे.
- करंट-पासवर्ड : लॉगिन करताना टाकायचा, आधीपासून अस्तित्वात असलेला पासवर्ड.
- न्यू-पासवर्ड : नोंदणी करताना किंवा पासवर्ड बदलताना ठरवायचा नवा पासवर्ड. 'पुन्हा टाका' या रकान्यालाही हेच मूल्य द्यावे.
- वन-टाइम-कोड : एसएमएसने किंवा ॲपमधून येणारा ओटीपी.

'करंट' आणि 'न्यू' यांतील फरक महत्त्वाचा आहे. 'न्यू-पासवर्ड' दिसला की मॅनेजर नवा, लांब पासवर्ड सुचवतो. 'करंट-पासवर्ड' दिसला की साठवलेला पासवर्ड भरतो. नोंदणीच्या पानावर चुकून 'करंट' लिहिले, तर मॅनेजर नवा पासवर्ड सुचवणार नाही आणि वापरकर्ता आपला जुनाच सोपा पासवर्ड तेथे टाकेल.

काही जण सुरक्षेच्या नावाखाली या गुणधर्माला 'ऑफ' हे मूल्य देतात. प्रमुख ब्राउझर लॉगिनच्या पासवर्ड रकान्यावरचे 'ऑफ' सहसा मानत नाहीत. त्यामुळे इच्छित परिणाम होत नाही आणि मॅनेजरला मिळू शकणारी माहिती मात्र जाते.

रकाने ओळखता येणे ही सुगम्यतेचीही अट आहे. डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात, वापरकर्त्याची वैयक्तिक माहिती मागणाऱ्या रकान्याचा हेतू प्रोग्रामला ओळखता यावा, असा निकष आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शिका याच मानकावर आधारलेली आहे. म्हणून शासकीय किंवा विद्यापीठाच्या कामासाठी फॉर्म लिहिताना हा गुणधर्म वगळू नये.

४. फॉर्मची बांधणी

मॅनेजरला समजेल अशा फॉर्मसाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

खरा फॉर्म टॅग वापरा. नुसत्या डिव्हमध्ये इनपुट आणि बटण ठेवून जावास्क्रिप्टने माहिती पाठवली, तर फॉर्म कुठे सुरू होतो आणि केव्हा पाठवला गेला हे मॅनेजरला नीट कळत नाही. फॉर्म टॅग आणि सबमिट प्रकारचे बटण वापरावे. त्यामुळे एंटर दाबूनही लॉगिन होते.

एका कामाला एक फॉर्म. लॉगिन आणि नोंदणी एकाच फॉर्ममध्ये मिसळू नका. एक झाकून दुसरा दाखवायचा असेल तर ते दोन वेगळे फॉर्म टॅग असावेत.

नावे स्थिर ठेवा. दर वेळी पान उघडल्यावर रकान्याचे नाव आणि आयडी बदलणारा फॉर्म मॅनेजरला ओळखता येत नाही.

कॅप्चाची जागा पाहा. भारतीय संकेतस्थळांवर कॅप्चा सर्रास असतो. अंदाजाने काम करणारे अनेक मॅनेजर पासवर्डच्या लगेच आधीचा मजकूर रकाना हा वापरकर्त्याचा असे धरतात. नाव, कॅप्चा, पासवर्ड असा क्रम असेल, तर कॅप्चाची अक्षरेच वापरकर्त्याचे नाव म्हणून जतन होऊ शकतात. कॅप्चा पासवर्डनंतर ठेवावा आणि वरच्या रकान्याला 'युजरनेम' हे मूल्य द्यावे.

दोन टप्प्यांचे लॉगिन. काही संकेतस्थळे पहिल्या पानावर ईमेल आणि दुसऱ्या पानावर पासवर्ड विचारतात. दुसऱ्या पानावर पासवर्ड कोणत्या खात्याचा आहे हे मॅनेजरला कळायला हवे. त्यासाठी तेथेही 'युजरनेम' रकाना ठेवून त्यात आधी दिलेले ईमेल भरून ठेवावे. तो फक्त वाचता येईल असा ठेवला किंवा सीएसएसने दृष्टिआड केला तरी चालते.

पान न बदलता होणारे लॉगिन. रिॲक्टसारखी चौकट वापरली, तर लॉगिननंतर नवे पान उघडत नाही. अशा वेळी यश मिळाले हे मॅनेजरला कळण्यासाठी लॉगिननंतर फॉर्म पानावरून काढून टाकावा किंवा पत्ता बदलावा. लॉगिन फसले असेल तर फॉर्म तसाच राहू द्यावा.

५. जतन होताना होणारी गडबड

आता जी चूक पाहणार आहोत ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी थोडा अधिक वेळ देऊ.

अनेक संकेतस्थळांवर 'लॉगिन' बटण दाबताच जावास्क्रिप्ट पासवर्डचा हॅश काढते आणि तो हॅश त्याच पासवर्ड रकान्यात ठेवून फॉर्म पाठवते. पासवर्ड उघड स्वरूपात जाऊ नये, हा हेतू असतो. आता मॅनेजरचा चौथा टप्पा आठवा. फॉर्म पाठवताना रकान्यात जे मूल्य असेल, ते तो जतन करू शकतो. रकान्यात त्या क्षणी पासवर्ड नसतो, हॅश असतो. एसएचए-२५६ वापरले असेल, तर सोळा-अंकी पद्धतीत लिहिलेला ६४ चिन्हांचा मजकूर जतन होतो.

पुढच्या वेळी काय घडते ते क्रमाने पाहा.

१. मॅनेजर रकान्यात ६४ चिन्हे भरतो. रकान्यात सगळे ठिपकेच दिसत असल्याने वापरकर्त्याला काही वेगळे वाटत नाही.

२. बटण दाबताच त्या हॅशचा पुन्हा हॅश निघतो.

३. सर्व्हर म्हणतो, "पासवर्ड चुकीचा आहे."

४. वापरकर्ता पुन्हा प्रयत्न करतो. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद होते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तर या कुलपाची किंमत एक वर्षाची शिष्यवृत्ती असू शकते. वापरकर्ता मात्र दोष स्वतःला किंवा मॅनेजरला देतो. त्यानंतर तो मॅनेजर बंद करतो आणि लक्षात राहील असा सोपा पासवर्ड ठेवतो. सुरक्षेसाठी केलेल्या उपायाने सुरक्षा कमी झाली.

मुळात हा उपाय लागतो का? एचटीटीपीएस वापरत असाल तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सर्व मजकूर आधीच कूटबद्ध असतो. शिवाय सर्व्हर केवळ हॅश पाहून प्रवेश देत असेल, तर तो हॅशच पासवर्ड बनतो. ज्याच्या हाती हॅश पडला त्याला मूळ पासवर्डची गरज उरत नाही. म्हणून योग्य रीत अशी : पासवर्ड एचटीटीपीएसवरून सर्व्हरकडे जाऊ द्यावा आणि साठवण्यासाठी सर्व्हरवर मीठ मिसळून मुद्दाम संथ ठेवलेली हॅश पद्धत वापरावी. आर्गॉन-२, एसक्रिप्ट आणि बीक्रिप्ट या अशा पद्धती आहेत. 'मीठ' म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळी असलेली यादृच्छिक संख्या.

लेखापरीक्षणाच्या अटीमुळे ब्राउझरमध्ये हॅश काढावाच लागला, तर तो दिसणाऱ्या रकान्यात लिहू नका. त्याच्यासाठी वेगळा लपवलेला रकाना ठेवा. दिसणाऱ्या पासवर्ड रकान्याला आयडी द्या, पण नेम गुणधर्म देऊ नका. नेम नसलेला रकाना फॉर्मसोबत पाठवला जात नाही. त्यामुळे सर्व्हरकडे फक्त हॅश जातो आणि मॅनेजरला खरा पासवर्ड मिळतो.

६. पेस्टवरील बंदी आणि इतर अडथळे

पासवर्ड रकान्यात पेस्ट करू न देणे, उजवे क्लिक बंद करणे, पडद्यावरील कीबोर्डच वापरायला लावणे हे उपाय आजही दिसतात. पेस्ट बंद केल्याने चोराला अडथळा होत नाही. अंदाजाने पासवर्ड घालून पाहणारा प्रोग्राम रकान्यात पेस्ट करत नाही, तो थेट सर्व्हरकडे विनंत्या पाठवतो. त्याला रोखायचे तर सर्व्हरवर प्रयत्नांची मर्यादा घालावी लागते. पेस्ट बंदीचा त्रास होतो तो वीस-पंचवीस चिन्हांचा पासवर्ड वापरणाऱ्याला. तो मोबाइलवर हाताने टाकणे अवघड असते, म्हणून तो छोटा पासवर्ड निवडतो.

याबाबत मानक संस्थांची भूमिका स्पष्ट होत गेली आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्ये पासवर्ड पेस्ट करू द्यावा असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने आपल्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेत पेस्टला परवानगी देण्याची शिफारस केली. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत पासवर्ड मॅनेजर आणि आपोआप भरणे यांना परवानगी देणे ही अटच करण्यात आली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये तर हा सुगम्यतेचा प्रश्न मानला आहे. लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा देणे हा एकमेव मार्ग असू नये, असा त्यातील निकष सांगतो. मॅनेजर आणि पेस्ट चालू ठेवणे हा तो निकष पूर्ण करण्याचा सोपा मार्ग आहे.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. ब्राउझिंग सेंटर, ई-सेवा केंद्र किंवा प्रयोगशाळेतील सामाईक संगणकावर पासवर्ड जतन करू नये. ही सूचना लॉगिन पानावर एका ओळीत द्यावी आणि 'बाहेर पडा' हे बटण ठळक ठेवावे. मात्र सामाईक संगणकांचे कारण देऊन स्वतःच्या मोबाइलवरून येणाऱ्या सर्वांसाठी मॅनेजर बंद करणे योग्य नाही.

७. पासवर्डचे नियम आणि आपली लिपी

"किमान एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह, पण अमुक चिन्हे नकोत" असे नियम मॅनेजरच्या कामात खोडा घालतात, कारण त्याने तयार केलेला पासवर्ड नाकारला जातो. एनआयएसटीच्या २०१७ च्या शिफारशीनुसार असे मिश्रणाचे नियम घालू नयेत, किमान ६४ चिन्हांपर्यंतचे पासवर्ड स्वीकारावेत, पासवर्ड ठरावीक काळाने सक्तीने बदलायला लावू नये आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहावा.

कमाल लांबीची मर्यादा घातली असेल तर ती सर्व पानांवर सारखी ठेवा. नोंदणीच्या रकान्यात १५ चिन्हांची मर्यादा असेल आणि मॅनेजरने २० चिन्हे भरायला घेतली, तर शेवटची पाच गळून पडू शकतात. मॅनेजरकडे २० चिन्हे जतन झाली, तर लॉगिन कधीच होणार नाही. चुपचाप कापण्यापेक्षा स्पष्ट संदेश द्यावा.

आता देवनागरीकडे वळू. आपल्या उदाहरणातील एखादा सभासद गावाच्या नावापासून पासवर्ड बनवू शकतो. 'ओरत्तनाडु' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा वाटतो : ओ, र, त्त, ना, डु. युनिकोडमध्ये मात्र तो नऊ संकेतांचा आहे, कारण हलन्त, काना आणि उकार स्वतंत्र मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून हा शब्द २७ बाइटांचा होतो. बीक्रिप्ट पद्धत पहिल्या ७२ बाइटांपर्यंतच पाहते. इंग्रजीत ७२ चिन्हे मावतात, तर देवनागरीत फक्त २४ संकेत. तीन-चार मराठी शब्दांचा पासवर्ड ठेवणाऱ्याचा शेवटचा शब्द मोजलाच जात नाही, असे होऊ शकते. आर्गॉन-२ मध्ये ही अडचण नाही.

दुसरी अडचण एकच अक्षर दोन रीतींनी लिहिले जाण्याची आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' पाहा. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र संकेत आहे. द्राविडी भाषांतील 'र' चा एक वेगळा उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठीही तोच वापरतात, म्हणजे तंजावरच्या मराठी-तमिळ लेखनात तो दोन्ही कारणांनी येऊ शकतो. हेच अक्षर 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत वापरूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने हॅश वेगळा येतो. घरी मोबाइलवर ठरवलेला पासवर्ड ग्रंथालयातील संगणकावर टाकला, की तो चुकीचा ठरतो. यावर उपाय म्हणजे हॅश काढण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणणे. एनएफसी हे असे एक रूप आहे. नोंदणी आणि लॉगिन या दोन्ही वेळी हे करावे लागते.

एनएफसीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. काही कीबोर्ड 'ऱ्य' लिहिताना 'र', हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक असा क्रम वापरतात. एनएफसी हा क्रम बदलत नाही. मॅनेजर या बाबतीत उपयोगी पडतो, कारण साठवलेले संकेत तो दर वेळी जसेच्या तसे भरतो. त्यामुळे कीबोर्ड कोणता आहे याने फरक पडत नाही.

८. संकेतस्थळाचा पत्ता

मॅनेजर नोंद पत्त्यानुसार ठेवतो. '.एसी.इन', '.को.इन', '.गव्ह.इन' यांसारखे शेवट अनेक संस्थांचे सामाईक असतात. त्यांची 'पब्लिक सफिक्स लिस्ट' नावाची यादी आहे आणि अनेक मॅनेजर तिच्या आधारे संस्थेचे मुख्य नाव ठरवतात.

महाविद्यालयाचे मुख्य पान स्वतःच्या पत्त्यावर आणि लॉगिन कंत्राटदाराच्या वेगळ्या पत्त्यावर असेल, तर मॅनेजरच्या लेखी ती दोन संकेतस्थळे आहेत. दर वर्षी कंत्राटदार बदलला की सर्वांच्या नोंदी निरुपयोगी होतात. म्हणून लॉगिन संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावर आणि एकाच ठिकाणी ठेवावे.

देवनागरीतील '.भारत' पत्ते २०१४ पासून उपलब्ध आहेत. एकच संकेतस्थळ '.भारत' आणि '.इन' अशा दोन पत्त्यांवर चालवले तरी मॅनेजर त्यांना वेगळे समजतो. दोन्ही पत्ते ठेवायला हरकत नाही, पण लॉगिनसाठी एकाकडे वळवावे. अँड्रॉइड ॲप असेल तर 'ॲसेट लिंक्स' ही फाईल संकेतस्थळावर ठेवून ॲप आणि संकेतस्थळ एकाचेच आहेत हे जाहीर करता येते.

९. पासवर्ड बदलणे, ओटीपी आणि पासकी

पासवर्ड बदलण्याच्या फॉर्ममध्ये एक 'करंट-पासवर्ड', दोन 'न्यू-पासवर्ड' आणि दृष्टिआड ठेवलेला 'युजरनेम' असे चार रकाने असावेत. 'युजरनेम' नसेल तर मॅनेजर जुनी नोंद बदलण्याऐवजी बिननावाची नवी नोंद करू शकतो. ईमेलने पाठवलेल्या दुव्यावरून पासवर्ड नव्याने ठरवतानाही हीच काळजी घ्यावी. याशिवाय 'वेल-नोन' फोल्डरखालील 'चेंज-पासवर्ड' हा पत्ता तुमच्या पासवर्ड बदलण्याच्या पानाकडे वळवून ठेवावा. फुटलेला पासवर्ड आढळला की मॅनेजर वापरकर्त्याला तेथे थेट नेऊ शकतो.

ओटीपीचा रकाना पासवर्ड प्रकारचा ठेवू नका. तसे केले तर मॅनेजर सहा अंकी ओटीपीलाच पासवर्ड समजून जतन करायला सांगतो. प्रकार मजकूर, कीबोर्ड अंकांचा आणि मूल्य 'वन-टाइम-कोड' असा एकच रकाना पुरतो. 'नंबर' हा प्रकारही टाळावा, कारण ओटीपी ही मोजायची संख्या नाही. सुरुवातीच्या शून्याचेही महत्त्व असते.

पासकी या पद्धतीत पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेली गुप्त किल्ली वापरली जाते आणि अनेक मॅनेजर तीही साठवतात. तिचा पाया असलेले वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये मान्य झाले. पासकी देणार असाल तर 'युजरनेम' रकान्याच्या मूल्यात 'वेबऑथन' हा शब्दही जोडावा. मग पासवर्ड आणि पासकी दोन्ही एकाच यादीत दिसतात.

१०. प्रत्यक्ष तपासणी

फॉर्म तयार झाल्यावर पुढील क्रमाने तपासा. किमान दोन ब्राउझर, एक स्वतंत्र मॅनेजर आणि एक मोबाइल वापरा.

१. नवे खाते उघडा. मॅनेजर नवा पासवर्ड सुचवतो का? तो न कापता स्वीकारला जातो का?

२. बाहेर पडा आणि पुन्हा लॉगिन करा. दोन्ही रकाने बरोबर भरले जातात का?

३. मॅनेजरमधील नोंद उघडून पाहा. नावाच्या जागी कॅप्चा किंवा पासवर्डच्या जागी हॅश तर नाही ना?

४. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. मॅनेजर तो जतन करायला सांगत असेल तर विभाग ४ पुन्हा पाहा.

५. पासवर्ड बदला. जुनी नोंद अद्ययावत होते का?

६. 'दुसऱ्या' हा शब्द असलेला पासवर्ड एका उपकरणावर ठरवून दुसऱ्यावर हाताने टाका.

तिसरी पायरी बहुतेक जण वगळतात. हॅश जतन होण्याची चूक त्याच पायरीवर सापडते.

सारांश

पासवर्ड मॅनेजर फॉर्म वाचतो, पत्ता जुळवतो, रकाने भरतो आणि पाठवलेली मूल्ये जतन करतो. ऑटोकम्प्लीटची ठरलेली मूल्ये दिली की पान कोणत्याही भाषेत असले तरी त्याला अंदाज बांधावा लागत नाही. पाठवताना पासवर्ड रकान्यातील मजकूर बदलू नये, पेस्ट अडवू नये आणि लॉगिनचा पत्ता स्थिर ठेवावा. भारतीय लिप्यांतील पासवर्ड स्वीकारताना बाइटांची मर्यादा आणि युनिकोडचे प्रमाणित रूप यांकडे लक्ष द्यावे. यांतील बहुतेक दुरुस्त्या काही ओळींच्या आहेत. त्या केल्या तर ओरत्तनाडूहून मोबाइलवर लॉगिन करणाऱ्यालाही लांब आणि वेगळा पासवर्ड ठेवणे परवडते.

स्वाध्याय

१. 'करंट-पासवर्ड' आणि 'न्यू-पासवर्ड' यांची अदलाबदल झाल्यास नोंदणीच्या पानावर काय परिणाम होईल?

२. ब्राउझरमध्ये हॅश काढून तो पासवर्ड रकान्यातच ठेवल्यास दुसऱ्या लॉगिनला काय घडते, ते पायरीपायरीने लिहा.

३. तुमच्या गावाचे नाव युनिकोडमध्ये किती संकेतांचे आणि यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचे आहे? बीक्रिप्टच्या मर्यादेत ते किती वेळा मावेल?

४. तुम्ही वापरत असलेल्या कोणत्याही एका लॉगिन पानाचा स्रोत उघडा. रकान्यांची ऑटोकम्प्लीट मूल्ये नोंदवा आणि दोन सुधारणा सुचवा.